वन्संची तीन वर्तुळं

आमच्या वन्संना जमिनीच्या खालचं सगळं कळतं आणि जमिनीच्या वरचं काहीच कळत नाही, असं माझं मत लग्नानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत झालं आणि पुढची पंचवीस वर्षं ते बदलावं असं त्यांनी काही घडू दिलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मुलुंडच्या एका मराठी शाळेत त्या विज्ञान आणि भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर “राहून गेलं” म्हणतात, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. आमच्या गिरगावातल्या खोलीत मंडळी मला बघायला आली, तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकाचं विचारलं, नवऱ्यानं काहीच विचारलं नाही, आणि वन्संनी भिंतीवर बोटांची पेरं वाजवून माझ्या वडिलांना विचारलं, “ही विटांची आहे की दगडी?” बाबांना वाटलं, ह्यांचा खोलीवर डोळा आहे. मंडळी गेल्यावर ते बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसले होते.

भूकंप हा त्यांचा विषय. शाळेच्या पुस्तकात तो एका धड्यापुरता आहे आणि परीक्षेत तीन मार्कांना येतो, पण वन्संनी उरलेला सगळा अभ्यासक्रम त्या धड्याची प्रस्तावना म्हणून शिकवला. घरीही तेच. मंगल कार्यालयात त्या झुंबराखाली पंगतीला बसत नाहीत. यजमान कितीही आग्रह करोत, ताट उचलून खांबाशी जातात. कोणाच्याही घरी गेल्या की आधी कपाटाला हलकेच धक्का देऊन बघतात. नात्यातल्या प्रत्येक लग्नात त्यांचा आहेर ठरलेला असतो: कपाट भिंतीला ठोकायच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि आठ स्क्रू, वर लाल रिबीन. आमच्या नात्यात आज हलणारं कपाट असलेलं एकही घर उरलेलं नाही. संसारांबद्दल तेवढ्या खात्रीनं सांगता येणार नाही. आम्ही पार्ल्याला तळमजल्यावरची जागा घेतली तेव्हा डास, ओल, रस्त्याची धूळ असं काय काय म्हणत सगळ्यांनी नाकं मुरडली. एकट्या वन्सं खूश झाल्या. त्यांनी हॉल पाहिला नाही, बेडरूम पाहिली नाही, सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली वाकल्या, फरशीवर तळहात टेकला आणि म्हणाल्या, “छान. खाली माती आहे.” नव्या घराचं इतकं कमी शब्दांत कौतुक दुसऱ्या कोणी केलं नसेल.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही न्यारीच. भूकंपाची प्राथमिक लहर आधी येते, दुय्यम लहर मागून येते, एवढं पाठ केलं की मुलं पास होतात. वन्संना ते मुलांच्या अंगात उतरवायचं असायचं. त्या सगळा वर्ग व्हरांड्यात एकामागे एक उभा करायच्या, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि शेवटच्याला ढकलायच्या. धक्का रांगेतून पुढे सरकत जायचा. “बघा, माणूस गेला का कुठे? नाही ना? मग काय गेलं?” एका वर्षी रांगेचं पुढचं टोक मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत पोचलं होतं आणि मागून धक्का जरा उत्साहानं दिला गेला. पहिला मुलगा दारासकट आत गेला. आत शिक्षण खात्याचे साहेब चहा पीत होते. वन्सं मागोमाग आत शिरल्या, कोणाची माफी वगैरे न मागता त्यांनी घड्याळ बघितलं आणि बाहेर ओरडून सांगितलं, “बेचाळीस मुलं, चार सेकंद! लिहून घ्या!” साहेबांच्या शर्टावर चहा सांडला होता, त्याची नोंद कोणी केली नाही.

दुय्यम लहर समजवायला त्यांनी मला वापरलं. “समजा, माझा भाऊ आणि माझी भावजय बाजारातून एकदमच निघाले,” असं त्या वर्गात सांगायच्या. “भाऊ तरातरा पुढे. भावजय मागून, प्रत्येक भाजीवाल्यापाशी थांबत, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. भाऊ गेटपाशी पोचल्यावर भावजय किती वेळानं आली ते मोजा. बाजार जवळ असेल तर दोन मिनिटांनी येईल, लांब असेल तर वीस मिनिटांनी. म्हणजे दोघांमधल्या अंतरावरून बाजार किती लांब आहे ते घरबसल्या सांगता येतं की नाही?” हे उदाहरण इतकं चपखल आहे की त्याबद्दल रागावताही येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी गेले तेव्हा दोन मुली माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजल्या आणि मग एक जण धीर करून पुढे आली. “बाई, ह्याच का दुय्यम लहर?” तिनं विचारलं. “हो,” वन्सं म्हणाल्या, “नमस्कार कर.”

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी यंत्र बनवलं. जुन्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक स्प्रिंगला टांगायचं, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. जमीन हलली की वेटोळं हलतं, चुंबक आळशासारखं जागेवरच राहतं, त्यातून तारेत इवलीशी वीज तयार होते आणि ती एका रेघेच्या रूपानं दिसते. शेजारी एक डबी, डबीत मोबाईलचं सिमकार्ड, त्यामुळे ही रेघ यंत्र असेल तिथून शाळेतल्या संगणकावर पोचते. वारा लागू नये म्हणून वर पालथं घातलेलं पातेलं. पण एका यंत्रानं भूकंप किती लांब झाला एवढंच कळतं, कुठल्या दिशेला ते कळत नाही. म्हणून नकाशावर यंत्राच्या जागेभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. अशा तीन ठिकाणांची तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील तिथे भूकंप झाला असं समजायचं. तेव्हा तीन जागा हव्यात, आणि तिन्ही तळमजल्यावर. एक मुलुंडला, शाळेच्या अडगळीच्या खोलीत. दुसरी माझ्या ओट्याखाली, पातेलंही माझंच. यंत्र जिवंत आहे की नाही हे कळावं म्हणून मी रोज दुपारी बरोबर चार वाजता ओट्यापाशी उभं राहून तीनदा पाय आपटायचे, असं ठरलं. सकाळी मी आमच्या भागातल्या वाचनालयात काम करते आणि दुपारी घरी असते, हे वन्संनी मला न विचारता हिशेबात धरलं होतं. लग्नानंतर सासरी राग दाखवायची मला मिळालेली ही पहिली अधिकृत संधी असल्यामुळे मी ती कधी चुकवली नाही.

तिसरी जागा कांदिवलीच्या मामांची. मामा म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा, मूळचे कणकवलीच्या बाजूचे. गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीच्या बैठ्या चाळीत आले, मामी गेल्यापासून एकटेच. मुंबईत साठ वर्षं काढूनही बोलतात मालवणीच. वन्संनी त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात, पाटावर, यंत्र बसवलं आणि ह्याला अजिबात हात लावायचा नाही असं बजावलं. मामांनी गंभीरपणे मान डोलावली. पाटावर ठेवलेली, झाकलेली, हात न लावायची वस्तू काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ते पातेल्यावर जास्वंदीचं फूल ठेवू लागले. शाळेतल्या रेघेवर रोज त्या वेळी दोन बारीक टोकं उमटायची: एक कालचं फूल उचलल्याचं, एक आजचं ठेवल्याचं. वन्संनी फोन करून खडसावलं, तर मामा म्हणाले, “अगो, फूल ता! फुलाचा वजन ता कितक्या?” पुढे वन्संनीच नाद सोडला. रोज ठरल्या वेळी येणारा धक्का यंत्राच्या तपासणीला बरा पडतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं.

मग सुरू झाली ‘कंपन-वही’. रेघेवरच्या प्रत्येक उंचवट्याचं कारण मुलांनी शोधायचं आणि लिहायचं. भूकंपाचा अभ्यास म्हणजे भूकंप नसलेल्या सगळ्या गोष्टींचा अभ्यास, असं वन्संचं म्हणणं होतं. ते सगळं ओळखून बाजूला काढलं की जे उरेल तो भूकंप. उरायचं काहीच नाही. पण बाजूला काढलेलं मात्र भरपूर साठलं. कांदिवलीच्या चाळीशेजारी टॉवरचा पाया ठोकणारं पायलिंग, पाण्याचा पंप, कचऱ्याची गाडी, तिथेच क्रिकेटचा चेंडू भिंतीवर आपटणारा कोणीतरी. माझ्या घरी पाहुणे किती आले आणि मिक्सर कितीदा फिरला हे मुलुंडच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक असायचं. माझे यजमान रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालतात असं ते सगळ्यांना सांगत. एकदा एका मुलानं त्यांना अतिशय आदरानं विचारलं, “काका, तुम्ही ते गच्चीवर जाऊन घालता का?” त्यानंतर आमच्याकडे सूर्यनमस्काराचा विषय निघाला नाही.

माझ्या मनात मात्र ह्या यंत्राबद्दल एक अढी बसली होती, ती सांगितलीच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली. दिवसवार उरकले, माणसं पांगली, आणि मी दुपारची घरी एकटी असायचे. बसवत नसे. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहायचे. अशा वेळी वन्संचा फोन यायचा. आईबद्दल एक अक्षर नाही. “जरा पाय आपटून दाखव गं, रेघ नीट दिसत नाहीये.” मी आपटायचे. “अजून एकदा. आता जरा पाणी पी आणि परत आपट.” दहा मिनिटं हा खेळ चालायचा. दुसऱ्या दिवशी परत. महिनाभर रोज, चार वाजताची वेळ सोडून भलत्याच वेळी. एकदा मी नवऱ्याला चिडून म्हटलं, “तुमच्या बहिणीला माणूस मेलेलं कळत नाही. तिला चुंबक हललेलं कळतं.” त्याला तरी बहिणीबद्दल काय ठाऊक असणार!

गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर वन्सं निवृत्त होणार होत्या आणि पुढच्या जूनपासून शाळेत मराठी माध्यमाचा नववीचा वर्ग भरणार नव्हता. बेचाळीस मुलांची रांग आता अकरा मुलांवर आली होती. व्हरांड्यात लहर सुरू होते न होते तोच संपायची. वन्संनी ह्याबद्दल कुठे तक्रार केली नाही. त्यांची एकच मागणी होती. बत्तीस वर्षं पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून झाली; आता शेवटच्या मुलांनी एक, फक्त एकच, खराखुरा भूकंप स्वतःच्या वहीवरून नकाशावर शोधावा. त्या सुमारास शाळेत एक निवृत्त भूकंपशास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले. त्यांनी यंत्र पाहिलं, वही चाळली, मनापासून हसले, आणि मग नकाशापाशी उभे राहून हळूच म्हणाले, “बाई, काम सुंदर आहे. पण दोनशे किलोमीटरवरच्या भूकंपाला मुलुंड, पार्लं आणि कांदिवली म्हणजे एकच गाव हो. तिन्ही वर्तुळं एकावर एक बसतील. एखादं ठिकाण तरी लांब हवं.” वन्संना हे माहीत नव्हतं थोडंच! त्यांनी मला दोनदा विचारूनही झालं होतं, “तुझ्या माहेरचं लांब कोणी राहतं का गं, तळमजल्याला?” माझं माहेर गिरगावातच संपतं. मामांचं गावचं घर वर्षभर कुलपात. आणि परक्या माणसाच्या घरी जाऊन रोज पाय आपटा असं सांगणार कसं? पाहुणे गेले. वन्संनी नकाशावरची धूळ पुसली आणि पुढचा तास घेतला.

गणपती आले, शाळेला सुट्टी लागली. मामा दरवर्षीप्रमाणे गावाला गेले. गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दिवशी सकाळी साताऱ्याकडे कुठेतरी जमीन हलली. मी तेव्हा चहा गाळत होते. गाळणंसुद्धा हललं नाही. पण कुठून तरी कुणकुण लागलीच, आणि वन्संचा मुलांच्या ग्रुपवर हुकूम सुटला: कोणीही बातमी बघायची नाही, भूकंप कुठे झाला हे कोणीही कोणाला विचारायचं नाही, पालकांनीही सांगायचं नाही. हातात मोबाईल असलेल्या अकरा मुलांनी तो तंतोतंत पाळला, हे मला आजही खरं वाटत नाही. मला त्यांनी फोन केला. “शाळा उघडेल त्या दिवशी ये. तू पार्ल्याची केंद्रप्रमुख आहेस.” मी करंज्यांचा डबा घेऊन गेले.

मुलुंडच्या रेघेवर लहर स्वच्छ उमटली होती. आधी प्राथमिक, सव्वीस सेकंदांनी दुय्यम. माझ्या ओट्याखालचंही जवळपास तसंच. म्हणजे भूकंप सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. मुलांनी दोऱ्याला पेन्सिल बांधून भिंतीवरच्या नकाशावर दोन मोठी वर्तुळं काढली. पाहुणे म्हणाले होते तशी ती एकमेकांना चिकटूनच होती. मग कांदिवली. तिथे दोन लहरींत पंधरा-सोळाच सेकंदांचं अंतर. मुलांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. त्या हिशेबानं वर्तुळ काढलं तर ते लहानसं वर्तुळ मोठ्या दोघांच्या पोटात जाऊन बसलं, कुठेच कोणाला शिवेना. एकच भूकंप कांदिवलीहून जवळ आणि पार्ल्याहून आणखी शंभर किलोमीटर लांब, असं कसं होईल? वन्सं नकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. निवृत्तीला सात आठवडे होते आणि मुंबईतल्या यंत्रांना जाणवेल असा दुसरा भूकंप काही मागवून मिळणार नव्हता. त्यांनी वही घेतली, कांदिवलीच्या रकान्यात ‘यंत्र बिघडलं’ असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मला त्यांचा चेहरा बघवेना. खरं सांगते, त्या क्षणी मला ते चुंबक, ते पातेलं आणि त्या, तिघांबद्दलही भडभडून आलं.

“बाई, थांबा ना,” मागून आवाज आला. ती तन्वी, वही सांभाळणारी मुलगी. वर्षभर कांदिवलीची रेघ तिच्याकडे होती. ती संगणकाजवळ बसून मागचे आठ दिवस एकेक करून बघत होती. “यंत्राची वाट नाही लागलेली. यंत्र झकास आहे. हे बघा, सात पाच. जुनं फूल काढलं, नवीन ठेवलं. रोज आहे. पण पायलिंग कुठेय? पंप नाही, कचऱ्याची गाडी नाही, चेंडू नाही. आठ दिवस कांदिवली एवढी गप्प कशी राहील, बाई?”

“गणपतीत सुट्टी असते पायलिंगला,” एक मुलगा म्हणाला.

“कचऱ्याला असते काय रे? आणि ही आरती बघ. चाळीत दहा मिनिटांत उरकतात. ही तासभर चाललीय, वर फुगड्या. एवढा वेळ आरती आमच्या गावाला असते.” तिनं खुर्ची वळवली. “बाई, मामांनी यंत्र गावाला नेलंय.”

वन्संनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे कोंबडा ओरडत होता.

“मामा, यंत्र कुठे आहे?”

“खय म्हंजे? माझ्याच वांगडा. हंय, गणपती बसलेलो थय, बाजूक.”

“तुम्ही ते गावाला नेलंत?”

“मगे काय करतलंय? सणासुदीक तेका एकट्याक कुलपात ठेवू? तेच्याफुडे दिवो कोण लावतलो?” मामांचा आवाज एकदम पडला. “मांडयेर घेऊन इलंय गो, पाटासकट. धक्को लागाक देवक नाय. काय झाला? मोडला-बिडला नाय मा?”

“नाही मोडलं,” वन्सं म्हणाल्या, “तुम्ही ते परत आणू नका.” आणि फोन ठेवला.

तन्वीनं कांदिवलीची टाचणी उपटली आणि नकाशात खाली, कणकवलीच्या शेजारी टोचली. दोरा धरायला चौघं धावले. या वेळी वर्तुळ मोठ्या वर्तुळांना दोन ठिकाणी छेदून गेलं: एक ठिकाण अरबी समुद्रात, दुसरं सह्याद्रीत, साताऱ्याच्या अंगाला. समुद्रातलं असतं तर ते पार्ल्याला मुलुंडच्या सेकंदभर तरी आधी कळलं असतं. तसं झालेलं नव्हतं. मुलांनी समुद्रावर फुली मारली. मग वन्संनी परवानगी दिली आणि सरकारी वेबसाईट उघडली. तिथे दिलेली जागा आणि मुलांची जागा ह्यांच्यामध्ये नकाशावर माझ्या करंगळीचं नख बसलं असतं. वर्गात जो काही धिंगाणा झाला तो वहीत नोंदला गेला आहे, कारण मुलुंडचं यंत्र दोन खोल्या सोडून चालूच होतं. शास्त्रज्ञ पाहुण्यांनी मागितलेला तो लांबचा तळमजला मामांनी असा, दिवा लावायला कोणी नाही म्हणून, मिळवून दिला होता. वन्सं काही नाचल्या नाहीत. त्यांनी ‘यंत्र बिघडलं’ खोडलं, पुढे ‘मामा’ असं लिहिलं, आणि म्हणाल्या, “तीन मार्कांना येतं हे. आकृती काढून घ्या.” मग फळ्याकडे तोंड करून त्यांनी आकृती काढायला घेतली, आणि ती एरवीपेक्षा बराच वेळ चालली. मी करंज्यांचा डबा उघडला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

ऑक्टोबरात वन्सं निवृत्त झाल्या आणि दिवाळीनंतर चक्क गावाला, मामांकडे राहायला गेल्या. मामांना आता एकट्यानं होत नाही असं त्या सांगतात. मामा सांगतात की वन्संना यंत्रावाचून करमत नाही. मुलुंडची अडगळीची खोली रिकामी करून शाळेनं यंत्र परत केलं. संगणक मात्र वन्संनी शाळेकडून मागून घेतला, त्यामुळे माझी रेघ आता गावच्या ओटीवर दिसू लागली. गावातल्या शाळेची चार-पाच मुलं संध्याकाळी येतात आणि वन्सं त्यांना माझी ओळख करून देतात, दुय्यम लहर म्हणून.

यंदा मे महिन्यात आमची इमारत पाडायला घेतली. नवी होईपर्यंत आम्ही अंधेरीला सातव्या मजल्यावर भाड्यानं राहतो. सामान बांधताना कंपन-वह्यांचा गठ्ठा हाती आला. वन्संनी जाताना त्या माझ्याकडे ठेवल्या होत्या. मी चाळत बसले. पंप, मिक्सर, कचऱ्याची गाडी, सगळं मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरात. मग तीन वर्षांपूर्वीचा तो महिना आला, आई गेली तो. त्या महिन्यात पार्ल्याच्या रकान्यात मुलांचं अक्षर कुठेच नव्हतं. रोजच्या रोज, वन्संच्या टपोऱ्या अक्षरात एकच नोंद: ‘पार्ले, यंत्र बंद.’ यंत्र बंद नव्हतं. त्या महिन्यात तर त्या रोज फोन करून माझ्याकडून पाय आपटून घेत होत्या. दार ते खिडकी आणि खिडकी ते दार ही माझी चाल त्यांना मुलुंडला बसून दिसत होती आणि ती वर्गातल्या मुलांना दिसू नये म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वहीत खोटं लिहिलं होतं. मी खोक्यांच्या मध्ये बसून खूप रडले. मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती नवऱ्याला बोललेल्या त्या वाक्याची.

यंत्र काढून ठेवल्याचं सांगायला मी त्यांना फोन केला. वहीबद्दल बोलायचं मनात होतं, पण आमच्यात तशी बोलायची पद्धत नाही.

“नवं घर कुठल्या मजल्यावर मिळणार?” त्यांनी विचारलं.

“चौदाव्या.”

पलीकडून नुसती रहाटाची कुरकुर ऐकू आली.

“मग मला कळणार कसं?” वन्सं म्हणाल्या. आणि लगेच, “बरं, ठेवते. मामांची पेज व्हायचीय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी त्यांना फोन लावला, फोन फरशीवर ठेवला आणि तीनदा पाय आपटले. “आला,” पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद झाला. तेव्हापासून रोज हेच चालतं. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा तक्रार घेऊन आले. त्यांना मी हे शास्त्रीय काम आहे असं सांगितलं आणि करंज्या दिल्या. गेल्या आठवड्यात मला ताप होता. डोकं वर उचलवत नव्हतं, चार कधी वाजून गेले ते कळलंही नाही. चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“पार्ले बंद आहे का?” वन्संनी विचारलं.

“नाही वन्सं, चालू आहे,” मी म्हटलं, आणि पाय पलंगाखाली सोडले.